उतरायला कोणी सांगितलं?

गौरी यायच्या आदल्या दिवशी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मोरीतून पाणी उलटं यायला लागलं. पाणी म्हणजे मैलापाणीच. तळमजल्यावरच्या वहिनी पदर खोचून बादल्या उपसत होत्या. वरच्या चार मजल्यांना "नळ बंद ठेवा" म्हणून निरोप जात होते, तरी कोणी ना कोणी वापरतच होतं. 2016 सालची गोष्ट. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. नेहमीच्या प्लंबरला फोन केला आणि तासाभरात तो दोन माणसं घेऊन आला.

त्यातल्या एकाने पहारीने चेंबरचं झाकण उचकटलं. झुरळांचा लोंढा बाहेर पडून भिंतीवर पांगला. तो म्हणाला, "झुरळं जित्ती हायेत सायब, म्हंजी खाली हवा हाय." मग त्याने शर्ट काढून नीट घडी घातली, घडीत मोबाइल आणि तंबाखूची पुडी ठेवली आणि तो गठ्ठा मीटरच्या खोक्यावर ठेवला. चपला भिंतीशी जोडून ठेवल्या. आधी बांबूची पट्टी सारून पाहिली, ती मध्येच अडत होती. मग तो उतरला. कमरेला दोर नव्हता, तोंडावर काही नव्हतं. छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत, आणि पुढे दोन-तीन वेळा डोकंही आत घालून तो दिसेनासा झाला. मी वर उभा राहून संध्याकाळच्या आरतीच्या आत काम उरकेल का, याचा विचार करत होतो.

वीसेक मिनिटांनी अडकलेलं निघालं. गोणपाटाची चिंधी, सॅनिटरी पॅडचा लगदा आणि नारळाएवढा सिमेंटचा गोळा. तिसऱ्या मजल्यावर बाथरूमचं काम चाललं होतं, त्यांच्या गवंड्याने उरलेला माल संडासात ओतला होता. पाणी सळसळत खाली गेलं तसे जिन्यातले लोक "गेलं, गेलं" म्हणाले. तो वर आला, भिंतीला टेकून बसला आणि ओकला. वहिनींनी त्याला पाणी दिलं. प्लास्टिकच्या बाटलीतून दिलं आणि म्हणाल्या, "बाटली राहू दे तुम्हालाच." वहिनी वाईट बाई नाहीत. दुष्काळात गावाकडे धान्य पाठवायचं ठरलं तर पहिलं पोतं त्यांच्या घरून निघतं. पण स्टीलचा पेला बाहेर आला नाही, हे मी पाहिलं. तेव्हा काही बोललो नाही.

मी प्लंबरच्या हातात अठराशे रुपये ठेवले. व्हाउचरवर लिहिलं, "चोकअप काढणे – मजुरी रु. 1800." खाली प्लंबरची सही, बाजूला माझी. आत उतरलेल्या माणसाचं नाव त्या कागदावर नाही, कारण मी ते विचारलंच नव्हतं.

तो माणूस जगला. गॅस नव्हता, किंवा होता तो पुरेसा नव्हता, एवढंच त्याचं कारण. तो खाली राहिला असता तर पोलिसांनी मला काय विचारलं असतं, याचा विचार मी बऱ्याच उशिरा केला. त्यांनी विचारलं असतं, उतरायला कोणी सांगितलं? मी प्लंबरकडे बोट दाखवलं असतं. प्लंबर म्हणाला असता, मी फक्त माणसं आणली, काम सोसायटीचं. आणि दोघांनीही म्हटलं असतं की तो स्वतःच उतरला. ते अर्धं खरंही होतं. "खाली उतर" हे शब्द कोणीच उच्चारले नव्हते. झाकण उघडलं, पट्टी अडली, आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत राहिलो आणि तो उतरला. या शहरात माणसं गटारात जातात ती बहुतेक अशीच, कोणी सांगितल्याचा पुरावा मागे न ठेवता. म्हणून माझं म्हणणं असं की मुंबईत माणूस गटारात उतरणं थांबवायचं तर यंत्रांच्या आधी एक गोष्ट हवी. ज्याच्या मालकीचं गटार, त्याची सही. सही करायची वेळ आली की पुष्कळ हात मागे येतील.

कायद्यात काही कमी आहे का, हे आधी पाहू. हाताने मैला उचलण्याविरुद्धचा पहिला कायदा 1993 चा. दुसरा 2013 चा, आणि तो 6 डिसेंबर 2013 पासून, म्हणजे महापरिनिर्वाण दिनापासून लागू झाला. या दुसऱ्या कायद्याच्या कलम 7 मध्ये गटार आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामाला लावण्यास मनाई आहे. "कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा संस्था" असे शब्द आहेत, आणि "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष" असंही म्हटलं आहे. म्हणजे प्लंबरमार्फत बोलावलं तरी आपण त्यात आलो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. मी सेक्रेटरी होतो तेव्हा मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. लिफ्टचा परवाना, अग्निशमन दलाचं प्रमाणपत्र, ऑडिट, कन्व्हेयन्स या सगळ्याची फाइल माझ्या कपाटात होती. या कायद्याची नव्हती.

याच कायद्याखालच्या नियमांत एक फार महत्त्वाची तरतूद आहे आणि तिची चर्चा जवळजवळ होत नाही. संरक्षक साधनं घालूनही माणसाने गटारात उतरायचं नाही, असा मूळ नियम आहे. अपवाद मोजके आहेत. यंत्राने निघणारच नाही असं तुटलेलं झाकण काढणं, नवी वाहिनी जुन्या मुख्य वाहिनीला जोडणं, तळाशी असलेला पंप काढणं, अशी कामं. त्यापलीकडे अगदीच गरज पडली तर स्थानिक प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने नेमकी कारणं लेखी नोंदवून परवानगी द्यायची. मुंबईपुरतं बोलायचं तर हा अधिकारी म्हणजे महापालिका आयुक्त. उतरणाऱ्याचा किमान दहा लाखांचा विमा हवा. एका दमात नव्वद मिनिटांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती. जागेवर किमान तीन माणसं, त्यात एक देखरेख करणारा. साधनांची यादी तर चाळीसच्या वर जाते.

हे वाचून मला आधी हायसं वाटलं आणि मग राग आला. कायदा करणाऱ्यांनी नेमकं ओळखलं होतं. माणूस गटारात उतरणं ही इतकी मोठी गोष्ट आहे की तिला शहराच्या सर्वात वरच्या अधिकाऱ्याची लेखी कारणं हवीत. आणि आम्ही ती अठराशे रुपयांत, तोंडी, जिन्याखाली उरकतो.

आता मरणाऱ्यांची गोष्ट. केंद्र सरकारने 2022 आणि 2023 मधल्या गटार-टाकीतल्या मृत्यूंपैकी 54 प्रकरणं तपासून घेतली आणि त्याचे निष्कर्ष 2025 साली संसदेपुढे ठेवले. त्या 54 पैकी 49 जणांच्या अंगावर कोणतंही संरक्षक साधन नव्हतं. अधिक बोलका आकडा पुढचा आहे. 38 जणांना कोणीतरी व्यक्तिशः बोलावून कामाला लावलं होतं. सरकारी पगारावर होते फक्त पाच. आपण वर्षानुवर्षं पालिकेकडे बोट दाखवत आलो, आणि पालिकेला तिच्या वाट्याचे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण त्या 38 जणांना बोलावणारे हात कोणाचे होते? घरमालकांचे, हॉटेलवाल्यांचे, कारखान्यांचे, सोसायट्यांचे. माझ्यासारख्यांचे.

मुंबई आणि तिच्या आसपासच्या घटना पाहिल्या तरी हेच दिसतं. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीत एका गृहनिर्माण सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या आणि 2021 मध्ये प्रत्येकी दहा लाखांची भरपाई द्यायचा आदेश सरकारला झाला. मार्च 2024 मध्ये मालवणीत सार्वजनिक शौचालयाच्या टाकीत बाप आणि दोन मुलगे गेले. पुढच्याच महिन्यात विरारला एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार कामगार गेले. मार्च 2025 मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार कामगार गेले. ती तर पाण्याची टाकी होती, मैल्याची नव्हती. बंद जागा, खाली साचलेली खराब हवा आणि वर उभा राहून "उतर" म्हणणारा किंवा नुसता पाहणारा माणूस, एवढ्यावर मरण येतं.

हवेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. कारण "त्याला सवय असते", "तो अनुभवी आहे" ही वाक्यं मी स्वतः बोललो आहे, आणि ती किती खोटी आहेत हे समजायला मला रसायनशास्त्राची मदत घ्यावी लागली. साचलेल्या मैल्यात हवा न लागता कुजण्याची क्रिया चालू असते. त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, म्हणून तो तळाशी बसून राहतो. थोडा असला की त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. माणसाला वाटतं, वास कमी झाला. तो खाली सरकतो. हजार भागांच्या आसपास एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. शिडीवरचा हात सुटतो, तोंड मैल्यात जातं आणि उरलेलं काम मैलाच करतो. उघड्या हवेत प्राणवायू सुमारे 20.9 टक्के असतो, तो साडेएकोणीसच्या खाली गेला की त्या जागेत पाऊल टाकायचं नाही असा दंडक आहे. तो आकडा यंत्रावर दिसतो, छातीला कळत नाही.

त्या दिवशीची झुरळांची परीक्षा मला आजही अस्वस्थ करते. झुरळाला जेवढ्या हवेत निभतं तेवढ्यात माणसाला निभत नाही. आणि झाकण उघडल्यावर हवा ठीक असली तरी गाळ ढवळला की आत कोंडलेला गॅस मोकळा होतो, म्हणजे माणूस आत असताना, वाकून काम करत असताना. तोंडाला रुमाल बांधला किंवा करोनात घालायचो तो मास्क लावला तरी काही उपयोग नाही. मास्क धूळ आणि थेंब अडवतो, वायू नाही. काडी पेटवून पाहणं तर त्याहून भयंकर, कारण मिथेन पेट घेतो. जिथे हे काम रीतसर होतं तिथे दोन्ही बाजूंची झाकणं आधी उघडून ठेवतात, पंख्याने ताजी हवा आत सोडतात, गॅस मोजणारं यंत्र दोरीने खाली सोडून आकडे पाहतात आणि तिवईला अडकवलेला पट्टा माणसाच्या खांद्या-कमरेला बांधतात. वरच्याने चाक फिरवलं की बेशुद्ध माणूसही वर येतो. पट्टा नसेल तर त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही खालीच राहतो. या बातम्यांत एकटा माणूस मेल्याचं कमी वेळा वाचायला मिळतं. तीन, चार असे आकडे येतात ते त्यामुळे. पहिला कामाने गेला, बाकीचे मायेने.

पोटाचा प्रश्न लोक काढतात आणि तो खोटा नाही. "आपण बोलावलं नाही तर त्याची चूल कशी पेटेल?" हे मला आमच्याच मीटिंगमध्ये विचारलं गेलं. पण ज्या कामाचं मोल आपण अठराशे लावतो त्यातले त्याच्या हातात किती पडतात, हे त्या विचारणाऱ्याने प्लंबरला कधी विचारलं नव्हतं. आणि हेच पोट नेहमी ठरावीक जातींच्याच माणसांना गटारापर्यंत का आणतं, याचंही उत्तर त्याने द्यायला हवं. "नमस्ते" नावाच्या केंद्राच्या योजनेत गटार आणि टाक्यांची सफाई करणाऱ्या हजारो कामगारांची नोंद झाली. त्यात शंभरात नव्वदहून जास्त लोक अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले निघाले. दोन तृतीयांश तर एकट्या अनुसूचित जातींचे. मुंबईत हे काम करणारे कोण, ते आपल्याला न विचारता माहीत असतं. काठियावाडातून आलेले मेघवाळ, रुखी, उत्तरेकडचे वाल्मिकी, आणि दुष्काळाने मराठवाड्यातून उठून आलेले आपले नवबौद्ध आणि मातंग बांधव. पालिकेच्या जुन्या करांत "हलालखोर कर" म्हणून एक स्वतंत्र कर होता. मैला वाहणाऱ्या समाजाच्या नावानेच कर. करात नाव आलं, मान आला नाही. 1930 च्या दशकात बाबासाहेबांनी मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला तो यासाठीच.

पालिकेतल्या कायम सफाई कामगारांचं वेगळं दुखणं आहे. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींमुळे त्यांच्या वारसाला नोकरी मिळते. बाहेरून पाहणाऱ्याला ती सवलत वाटते. पण बाप निवृत्त झाला किंवा गेला की वसाहतीतली खोली सोडायची वेळ येते आणि मुंबईत खोली गेली म्हणजे सगळं गेलं. मग बारावी झालेला, कधी पदवीधर झालेला मुलगाही बापाच्या जागी लागतो. त्याने काय करावं? मी त्याच्या जागी असतो तर लागलो असतो. ही सवलत काढून घ्या असं मी म्हणणार नाही. खोली आणि झाडू यांची गाठ सोडवा एवढंच म्हणेन. घर कामगाराच्या कुटुंबाचं व्हावं आणि मुलाला पालिकेतल्याच दुसऱ्या कामाचा पर्याय असावा. आणि कायम कामगाराच्या खाली आणखी एक पायरी आहे, कंत्राटीची. कचरा वाहतूक श्रमिक संघाने 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करून घेण्यासाठी किती वर्षं झुंज दिली आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ती जिंकली, ते आठवा. कंत्राट म्हणजे जबाबदारी एकेक हात खाली सरकवत नेण्याची व्यवस्था. सर्वात खालच्या हाताखाली प्लंबरने नाक्यावरून आणलेला तो बिननावाचा माणूस असतो.

शब्दांचीही एक सोय करून ठेवलेली आहे. जुलै 2021 मध्ये राज्यसभेत सरकारने उत्तर दिलं की हाताने मैला उचलण्याच्या कामामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारांच्या धोकादायक सफाईत गेलेले लोक वेगळ्या रकान्यात मोजले जातात. कायद्याच्या व्याख्येने ते उत्तर बरोबर असेलही. पण नवऱ्याचं प्रेत ताब्यात घेणाऱ्या बाईला तो रकाना समजावून सांगायला कोणी गेलं होतं का?

यंत्रांचा मुद्दा आला की मुंबईकर घरगल्लीकडे बोट दाखवतो. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वरच्या चाळींच्या पाठीमागून ज्या चिंचोळ्या वाटा जातात त्या घरगल्ल्या. टोपलीच्या संडासांच्या काळात मैला वाहणारे कामगार तिथून येत आणि तिथूनच जात, म्हणजे पुढच्या दाराला त्यांचं दर्शन नको. टोपल्या गेल्या, गल्ल्या राहिल्या, आणि आज "इथे मशीन शिरत नाही" याचं कारणही त्याच झाल्या. झोपडपट्टीत तर घरगल्लीएवढीही जागा नसते. अडचण खरी आहे. पण हैदराबादच्या जुन्या शहराच्या गल्ल्या काही रुंद नाहीत. तिथे 2017 मध्ये पाणीपुरवठा मंडळाने सत्तर छोटी जेटिंग मशीनं, म्हणजे जोराच्या पाण्याने तुंबलेली वाहिनी मोकळी करणाऱ्या गाड्या, आणली आणि ती चालवायला दलित उद्योजकांना दिली. दिल्लीत 2019 साली दोनशे गाड्या अशाच तऱ्हेने रस्त्यावर आल्या. या कल्पनेत मला सर्वात मोलाचं वाटतं ते मालकीचं. बाप ज्या गटारात उतरत होता त्यावर मुलगा यंत्र घेऊन उभा राहतो, यंत्र त्याचं, बिल त्याच्या नावाने. आणि जेटिंगचा पाइप लांब असतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली तरी पाइप आत जातो. आमच्याकडे गाडी गेटबाहेरच उभी राहते, पाइप वॉचमनच्या केबिनवरून वळसा घेऊन मागे येतो.

पैशाचंही तसंच. जानेवारी 2023 मध्ये मुंबईत सात मलजल प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं. वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा आणि मालाड. खर्च सुमारे 17,200 कोटी, क्षमता रोज सुमारे 2,460 दशलक्ष लिटर. ती हवीतच. आपलं मैलापाणी अर्धंकच्चं समुद्रात सोडण्याचे दिवस संपले पाहिजेत. पण तुमच्या संडासापासून या केंद्रापर्यंतच्या प्रवासात पहिले दहा-वीस फूट तुमच्या आवारातले असतात. तुंबतं बहुतेक तिथेच. त्या दहा फुटांसाठी 17,200 कोटी लागत नाहीत. आम्हाला पुढे एका वेळच्या भाड्याच्या जेटिंगला माणसाच्या मजुरीच्या साधारण तिप्पट पैसे पडले. चाळीस बिऱ्हाडांत वाटले तर दर घरी सगळ्यांना वडापाव आणण्याएवढी गोष्ट आहे.

29 ऑगस्ट 2017 च्या पावसात प्रभादेवीला एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. दोन दिवसांनी त्यांचा देह वरळी कोळीवाड्याजवळ सापडला. सगळं शहर हळहळलं, प्रकरण न्यायालयात गेलं, झाकणांखाली लोखंडी जाळ्या बसायला लागल्या. ते योग्यच झालं. चुकून पडणारा माणूस त्या जाळीने वाचतो. मात्र जाणूनबुजून खाली सोडलेल्या माणसासाठी आपण एवढे हललो नाही, आणि मी स्वतः तर त्याच्या आदल्याच वर्षी एकाला खाली सोडलं होतं.

सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारातल्या मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली, ऑक्टोबर 2023 मध्ये ती तीस लाख केली. जानेवारी 2025 मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसाकरवी गटारसफाई बंद करायचा आदेश दिला. यापुढे वरून येण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. आता खालून व्हायला हवं. दुर्घटना झाली की गुन्हा बहुतेक वेळा निष्काळजीपणाचा आणि तोही मुकादमावर किंवा ठेकेदारावर नोंदवला जातो. 2013 च्या कायद्याचं कलम लावा, अशी मागणी प्रत्येक वेळी व्हायला हवी, आणि ज्याच्या आवारातली टाकी त्याचं नाव आरोपींत हवं. सेक्रेटरी फुकट काम करतो, त्याला कशाला गुंतवता, असं कोणी म्हणेल. मीही फुकटच करत होतो. त्या वीस मिनिटांत तो मेला असता तर माझं फुकट काम त्याच्या घरच्यांच्या कोणत्या कामाचं होतं?

सहकार खात्याने एवढं जरी सक्तीचं केलं तरी पुष्कळ होईल. प्रत्येक सोसायटीने वर्षाला एकदा लिहून द्यायचं की आमची चेंबरं आणि टाकी कोणत्या यंत्राने, कोणाकडून साफ झाली, बिल सोबत. लिफ्टचं देतो तसं. बिल नसेल तर अर्थ एकच, माणूस उतरला. ऑडिटर एका नजरेत ओळखेल. माझं 2016 चं व्हाउचर ऑडिटरने पाहिलं होतं, त्यावर त्याची हिरवी टिकलीही आहे. त्याला विचारायला कोणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या सोसायटीत 2018 च्या वार्षिक सभेत ठराव झाला. चेंबरात कोणत्याही कारणाने माणूस उतरणार नाही, काम जेटिंगनेच होईल, आणि कोणाच्या घरच्या बांधकामाचा माल वाहिनीत सापडला तर खर्च त्या घराकडून. शेवटच्या भागावरून जास्त भांडण झालं. वहिनींनी पहिला हात वर केला. त्यानंतर दोनदा तुंबलं. एकदा गाडी दुसऱ्या दिवशी आली. वहिनी रात्री वरच्या मजल्यावर झोपायला गेल्या आणि आम्ही सगळ्यांनी सकाळपर्यंत कोपऱ्यावरचं सुलभ वापरलं. त्रास झाला. एवढा त्रास सोसता येतो.

यंदा मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी, शेजारच्या इमारतीच्या मागे झाकण उघडं दिसलं. खाली गेलो. दोन माणसं होती, धाकट्याने शर्ट काढून हातात धरला होता. तिथल्या सेक्रेटरींना मी विचारलं, "याला उतरायला कोणी सांगितलं?" ते म्हणाले, "प्लंबरला विचारा, आम्ही फक्त चोकअप सांगितलाय." प्लंबर म्हणाला, "सेक्रेटरींनी बोलावलंय." मी म्हटलं, मग दोघांपैकी एकाने कागदावर लिहून द्या की मी उतरवतो आहे, नाव घालून, सही करून. वही माझ्याकडे होतीच, पुढे केली. दोघांनीही वहीला हात लावला नाही.

तो पोरगा आमच्याकडे आळीपाळीने पाहत होता. मग म्हणाला, "मंग माजी हाजरी बुडनार का, काका?"

सेक्रेटरी माझ्याकडे पाहायला लागले. म्हटलं, बोलावलंय ना, मग हजेरी द्यायचीच. त्यांनी खिशातून काढून दिली, पूर्ण. या वेळी मी त्याचं नाव विचारलं, जालन्याकडचा होता. त्याने शर्ट परत अंगात घातला. गाडी यायला संध्याकाळचे सात वाजले, आणि कोणाचं पोर खेळता खेळता आत जाऊ नये म्हणून तोवर आम्ही त्या उघड्या झाकणापाशी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसून राहिलो.